ताटाची कड

साहेबानं सुलेमानच्या हातात डाव दिला आणि सुलेमानला बोट लागली. हसण्यासारखीच गोष्ट. सव्वीस वर्षं खाऱ्या पाण्यावर काढलेला माणूस. एडनपुढच्या वादळात गोरे अंमलदारसुद्धा पोट धरून पडले, तेव्हा ह्यानं एका हातात सुपाचं भांडं सांभाळत अकरा जणांना वाढलं होतं. आणि आज जहाज मुंबईच्या गोदीत जाड दोरखंडांनी बांधून उभं, पाणी निवांत, तरी ह्याच्या पोटात ढवळायला लागलं. डाव नवाकोरा होता, लांब दांड्याचा, कधी न गंजणाऱ्या धातूचा. समोरच्या भिंतीला खिडकी पाडलेली. खिडकीखाली लांबलचक कट्टा आणि कट्ट्याच्या टोकाला खाचांच्या ताटांची चळत. "अब ऐसा चलेगा," नवा साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला. तो खुशीत होता. लढाई संपून तीन वर्षं झाली, जहाज विलायतेहून नवं होऊन आलं. आता उतारू आपापलं ताट घेऊन रांगेत येतील, खिडकीशी थांबतील, घेऊन पुढं जातील. चाळीस माणसांचं काम बारा जणांत. बाकीच्यांना नारळ दिला होता. सुलेमानला ठेवलं होतं, कारण त्याच्या कागदावर लिहिलं होतं की लढाईच्या दिवसांत ह्या माणसानं खिडकी चोख सांभाळली. आता तो खिडकीचा मुकादम. सोमवारी येऊन सही करायची. "जी साहेब," सुलेमान म्हणाला. दुसरं काय म्हणणार? दुसरं त्याला येतच नव्हतं.

बाहेर येऊन तो कठड्याला धरून उभा राहिला. खिडकी जिथं पाडली होती तिथं पूर्वी शिसवी कपाट होतं, चांदीच्या भांड्यांचं. जेवणाच्या त्या दालनाला जहाजावरची माणसं नुसतं 'सलून' म्हणत, आणि सलूनमध्ये पाय ठेवायला मिळावा म्हणून सुलेमाननं चार वर्षं खालच्या मजल्यावर बशा विसळल्या होत्या. मग म्हाताऱ्या हेड बटलरनं त्याला हाताखाली घेतलं. वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून. चमचा आणि काटा एकाच हाताच्या बोटांत धरून माशाचा तुकडा असा उचलायचा की त्याचं कातडंही मोडू नये. दर्या खवळला की टेबलावरच्या चादरीवर पाणी शिंपडून ती ओली करायची, म्हणजे बशा घसरत नाहीत. त्या ओल्या कापडाचा वास सुलेमानच्या नाकात अजून होता. आणि सगळ्यांत मोठा धडा एकच. टेबलावर बसलेल्या माणसाला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नाही. त्यानं विचारलं की अमुक आहे का, की 'जी, आत्ता आणतो' म्हणायचं. आत जाऊन बघायचं. नसलं तर दुसरं काही असं आणायचं की त्याला वाटावं, आपण हेच मागितलं होतं. म्हातारा म्हणायचा, "अरे, भुकेल्याला खरं-खोटं नको असतं, त्याला समोर काहीतरी यायला हवं असतं." सुलेमाननं हे गाठीला बांधून ठेवलं. त्याला गर्व होता तो हातांचा. चादरीवर टेकलेला हात बघून तो सांगायचा, हा बाबा दुसऱ्यांदा भात घेणार, ही बाई नुसतं चिवडणार. माणसांची तोंडं विसरेल पण हात नाही, असं तो गावी, खालापुरात, पारावर बसून सांगायचा. आणि पोरंटोरं त्याच्याच उजव्या मनगटावरची भाजल्याची खूण बोटानं चाचपून बघायची. रश्श्याचं भांडं उलटलं होतं एकदा, कोयत्याच्या आकाराचा डाग राहिला होता. "मामू, हे कसं झालं?" सगळ्यांत जास्ती वेळा विचारायचा तो शेजारच्या शहाजादीबायचा झहीर. दर खेपेला सुलेमान नवी गोष्ट रचायचा. एकदा मगर, एकदा तोफेचा गोळा. मग सुलेमान बोटीवर आणि झहीर गावात, असं करता करता चेहरा राहिला तो तेरा-चौदा वर्षांच्या पोराचाच.

मग लढाई आली. सलूनमधल्या खुर्च्या काढल्या, गालिचे गुंडाळले, चांदी पेट्यांत घालून कुठंतरी नेली, आणि भिंतीला खिडकी पाडली. अशीच, पण बुटकी. खिडकीच्या आत सुलेमान डाव घेऊन उभा, बाहेरून शिपायांची रांग. खिडकी इतकी खाली की आतून दिसायची ती ताटं, ताट धरणारे अंगठे आणि खाकी सदऱ्याची खालची दोन बटणं. मान नाही, तोंड नाही. एक डाव भात, एक डाव डाळ, पुढं. बोलायची मनाई, कारण एक बोलला की मागचे तीनशे खोळंबायचे. पहिले दोन दिवस सुलेमान वाकून बघायचा. तिसऱ्या दिवशी पाठीत उसण भरली आणि त्यानं वाकणं सोडलं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघून जगलेल्या माणसाला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे! ताटाला कुठं राग येतो, ताट कुठं नाक मुरडतं. बेचाळीस सालच्या जानेवारीत मुंबईहून सिंगापूरला फौज नेली त्या खेपेला तर त्याचा हात आपोआप चालत होता. चौदा दिवस. त्या चौदा दिवसांतलं त्याला काहीच आठवत नव्हतं, एक गोष्ट सोडून. रांगेतलं एक ताट रोज अडायचं. डाळ पडली तरी पुढं सरकायचं नाही, थोडंसं, श्वास घेण्याइतकं. त्याला वाटायचं, हावरट आहे लेकाचा, जास्ती मागतोय. आणि तो डावाची पाठ ताटाच्या कडेवर आपटायचा. ठण्ण. चल, पुढं. मग ताट सरकायचं. रोज. चौदाही दिवस.

गोदीतून बाहेर पडून तो बोरीबंदरला चालत गेला, आणि दुपारच्या पुण्याच्या गाडीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या बाकावर कुणी मारवाडी डबा सोडून जेवत होता. सुलेमान त्याच्या हातांकडं बघायला लागला आणि एकदम मान फिरवून बसला. हात बघायचे नाहीत असं त्यानं ठरवलं होतं. किती जणांचे हात त्यानं दोन वर्षांत मनातल्या मनात ओळीनं लावून पाहिले होते! त्या अडणाऱ्या ताटाचे अंगठे कसे होते? काळे? नखं कुरतडलेली? कधी वाटायचं आठवलं, की लगेच ते अंगठे सफुराचे व्हायचे, त्याच्या बायकोचे, कधी गावातल्या शाळेच्या मास्तरांचे, कधी त्याचे स्वतःचे.

कारण शेहेचाळीस साली जहाज दुरुस्तीला विलायतेला लागलं, बोलावणं येईपर्यंत घरी बसा असं सांगितलं, आणि सुलेमान ट्रंक घेऊन खालापुरात आला तेव्हा त्याच्या स्वतःच्या दाराआधी शहाजादीचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यात उभी. झहीर फौजेत मोटार चालवायला गेला आणि जपान्यांच्या कैदेत कुठल्याशा बेटावर उपासमारीनं मेला, हे सुलेमानला मुंबईतच कळलं होतं. तो तोंडात शब्द जुळवत होता. पण ती रडली नाही. तिनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, मनगट उलटं केलं, त्या डागावर आपलं कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "तुझ्या हातचं खाऊन गेला रं माझा पोर. त्यानं लिवलं हुतं बंदरावरनं, मामू बोटीव हाय, रोज मामूच्या हातचं जेवतो. शेवटचं पोटभर अन्न त्याला तूच घातलंस. त्याला तू ओळखलंस ना? दिलंस ना पोटभर?"

आता सांगा, काय करायचं माणसानं? डोळ्यांसमोर ती ताटांची रांग गेली, आणि सव्वीस वर्षांची शिकवण जिभेवर येऊन बसली. समोरच्याला 'नाही' ऐकवायचं नाही. "जी," सुलेमान म्हणाला. "तर! ओळखलं म्हणजे काय. दोन डाव द्यायचो त्याला."

तिथंच मेलो, असं तो पुढं कितीदा मनाशी म्हणाला. कारण एवढ्यानं भागतं थोडंच? दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, शहाजादी झहीरच्या नावानं फातेहा द्यायची, वाटीत काही गोड करायची, आणि सुलेमानला बोलावणं यायचं. चहा पुढं ठेवून ती खाली बसायची आणि विचारायची. काय बोलायचा? हसायचा का? सदरा मळका हुता का रं? आणि सुलेमान वाढायचा. आज हे, उद्या ते. म्हणाला, मामू, घरची चुलीवरची भाकरी आठवते. म्हणाला, आईला सांग, मी आल्यावर गोठ्याचं छप्पर शाकारीन. म्हणाला, पाताळगंगेच्या डोहात पोहायला शिकलो ते बरं झालं, आता दर्याची भीती वाटत नाही. शहाजादी ऐकायची, मान हलवायची, कधी पदरानं डोळे टिपायची, कधी चक्क हसायची. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं, असं बायका म्हणायच्या. आणि सुलेमान वाळत चालला. त्याच्या घशाखाली घास उतरेना. सफुरा म्हणायची, "नजर लागली तुमाला कुनाची तरी." नजर नव्हती लागली. नजर त्यानं वर केली नव्हती, तेच लागलं होतं. ते ताट झहीरचं असेल. नसेलही. हजार शिपाई होते. झहीरनं त्याला ओळखलं, आणि ज्याला हातांचा एवढा गर्व त्यानं झहीरचे हात ओळखले नाहीत, एवढं तर खरंच होतं. पण ते अडणारं ताट? ते दुसऱ्या कुणाचं असू दे, या अल्ला, कुणाही हावरटाचं असू दे. उपासमारीनं मरणाऱ्याच्या ताटावर आपण डाव आपटला नसू दे. एवढंच त्याचं दोन वर्षांचं मागणं.

कर्जतला गाडी थांबली. घाट चढायला मागून इंजिनं जोडतात, त्याचा धक्का बसला आणि डब्यातली माणसं पुढं झुकली. सुलेमान उतरला. खोपोलीच्या गाडीला वेळ होता, तो फलाटावर बसून राहिला. सोमवारी सही केली की तो पुन्हा खिडकीआड जाणार. वर्षानुवर्षं ताटं, अंगठे, डाव. नाही केली तर? शेत नाही, दुसरा हुन्नर नाही, आणि चांदीच्या भांड्यातनं वाढून घ्यायला खालापुरात कोण बसलंय? सफुरा हुरळून जाईल, मुकादम झाला म्हणून गावभर सांगेल. पण त्याला खरी टोचणी होती ती वेगळीच. शहाजादीनं निरोप ठेवला होता, जायच्या आधी येऊन जा. म्हणजे ही शेवटची जुम्मेरात. आज खोटं वाढून निघून जाता येईल, आणि मग ते खोटं खालापुरात राहील, तो दर्यावर. किंवा आज सांगता येईल. सांगितलं तर ती दार लावून घेईल. लावू दे. थुंकेल. थुंकू दे. फलाटावर कुणीतरी काकड्या विकत होतं. सुलेमाननं एक घेतली, दातानं तोडली आणि तशीच हातात धरून बसला.

खोपोलीच्या गाडीतून उतरून तो पायीच निघाला. भात कापून झालं होतं, खाचरांत वाल टरारले होते, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या. बांधावर भिवाजी गवत कापत होता, त्यानं हाक मारली, "काय रं सुलेमान, झालं का काम?" "झालं," सुलेमान म्हणाला. "मंग तोंड का असं?" पाताळगंगेचं पाणी खडकांतून थोडं थोडं वाहत होतं. पलीकडं बायका कपडे आपटत होत्या, आणि प्रत्येक आपटण्यात त्याला ताटाच्या कडेवरचा डाव ऐकू येत होता. त्यानं पाय उचलले. स्वतःच्या घरावरून गेला, सफुरा ओटीवर सूप घेऊन बसली होती, तिनं विचारलं, "मिळाली?" त्यानं मान हलवली आणि न थांबता पुढं गेला.

शहाजादीनं चुलीवरून भांडं उतरवलं होतं. गुळातला भात. लोबान जळून गेला होता, त्याचा वास मागं राहिला होता. तिनं नेहमीसारखं चटईवर बसायला सांगितलं. "आलास. बस. घोटभर पानी पी. नोकरी झाली म्हनं?"

"झाली. बाय, मला काही बोलायचंय."

"बोल की. पन आदी त्याचं सांग. आज काय सांगनार हायस?" ती गुडघे पोटाशी घेऊन बसली, पोरींसारखी, हनुवटी गुडघ्यांवर ठेवून.

सुलेमानचे हात मांडीवर होते. त्यानं ते एकमेकांत अडकवले. सलूनमध्ये कधी तबक हातातून सुटलं तर ते पडायला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं. खूप वेळ लागतो. "बाय, मी त्याला बघितला नाय," तो म्हणाला. "एकदाबी नाय. खिडकी खाली होती, मला नुसती ताटं दिसायची. वाकलो असतो तर दिसला असता. मी वाकलो नाय. दोन वरसं तुला सांगितलं ते समदं माझ्या मनाचं. छप्पर, भाकरी, डोह, समदं. दोन डाव बी नाय दिले. एकच डाव द्यायचा हुकूम होता."

शहाजादीची हनुवटी गुडघ्यांवरच होती. बाहेर कोंबड्या अंगण उकरत होत्या. त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही हिला, पुन्हा सांगावं लागणार, आणि पुन्हा सांगण्याएवढा जीव आता अंगात नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"बघितला नायस ते. लिवलं हुतं की त्यानं. मास्तरानं दोनदा वाचून दावलं, मला तोंडपाठ हाय." ती भिंतीकडं बघून, मास्तरांच्याच सुरात, धडा म्हणावा तशी म्हणाली, "मामूच्या मनगटावरच्या डागावरनं मी त्याला ओळखलं. तो वाकून बघत नाही. मी पण हाक मारत नाही, बघू किती दिवस ओळखत नाही. चौदा दिवस झाले, रोज माझं ताट घटकाभर अडवून धरतो. तर मामू कडेवर डाव आपटून मला हाकलतो. मला लय हसू येतं." ती थांबली. "मंग लिवलंय, आई, काळजी करू नको, तुझा मुलगा झहीर."

सुलेमानच्या तोंडातून आवाज निघाला, तो त्याचा त्यालाही ओळखू आला नाही. म्हणजे तेच. तेच ताट. दोन वर्षं ज्याच्यासाठी अल्लाकडं पदर पसरला ते ह्या घरात झहीरच्या पत्रात घडी घालून ठेवलेलं होतं, आणि त्याच घरात बसून तो चहा पीत होता. "मग तू मला बोलली का नाय गं? पहिल्याच दिशी का नाय थुंकलीस माझ्या तोंडावर?"

"कशापायी थुंकू? तू 'हो' म्हनलास. मला वाटलं, म्हनतोय तर म्हनू दे. म्होरल्या जुम्मेरातीला आनि काय सांगतोस बगू. पत्रात पाच वळी हायत रं सुलेमान. पाच वळी आईला किती दिस पुरनार? तू दर खेपंला नवं आनायचास. खोटं हाय कळत हुतं, पन त्यात माझा पोर बोलत हुता." तिनं पदर सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता हेच सुलेमानला सोसवेना. "आज खरं बोललास. तुला मोकळं वाटलं आसंल. पन आता म्होरल्या जुम्मेरातीला मी काय इचारू? संपलं ना आता. आज मेला तो."

सुलेमान उठायला गेला. अर्ध्यातूनच पुन्हा बसला. त्याला म्हणावंसं वाटलं, मी सही करत नाही, जात नाही, इथंच राहतो, दर जुम्मेरातीला सांगतो. आणि त्याच क्षणी कळलं की आता काहीही सांगितलं तरी ती फक्त मान हलवील.

शहाजादी उठली. फळीवरनं तिनं जर्मनची थाळी काढली, पदरानं पुसली. भांड्यातला डाव घेऊन त्याच्या हातात दिला. आणि स्वतः थाळी दोन्ही हातांनी धरून त्याच्यापुढं उभी राहिली, अंगठे आत, बोटं खाली.

"वाढ."

त्यानं गुळातला भात वाढला. शितं जमिनीवर सांडली. थाळी हलली नाही.

"आता वाजव," ती म्हणाली. "कसा वाजवायचास ते मला ऐकव. एवढं एकच खरं हाय तुज्याजवळ, ते तरी दे."

"बाय, नको."

"वाजव रं."

सुलेमाननं मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि कान पुढं केला होता. त्यानं डावाची पाठ थाळीच्या कडेवर आपटली. आवाज घरभर फिरला, कोंबड्या पळाल्या. शहाजादीच्या ओठांच्या कडा हलल्या, हसू आल्यासारख्या. थाळी तिनं जरासुद्धा मागं घेतली नाही.

"अजून तेरा वेळा," ती म्हणाली.